देवीचा पाय

२० मे २०२५, मंगळवार. पेठ रोड, नाशिक

काल जामीन झाला. बावीस दिवस आत होतो. बाहेर आल्यावर पहिला चहा प्यायलो तो इतका गोड लागला की टपरीवाल्याला दोनदा धन्यवाद म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. माझ्यासारख्या एसटीच्या कंडक्टरला धन्यवाद म्हणायची सवय नसते, ऐकायची तर त्याहून नाही. पण आज मनातून आलं, म्हणालो.

ही वही माझ्या वकील बाईंनी दिली. हर्षाली देवरे. कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयाकडून मला फुकट मिळालेल्या वकील. मूळच्या नामपूरच्या, वय तिशीच्या आत. फुकटचं म्हणजे कसलं, अशी शंका मला होती. पण जामीन मिळवला त्यांनीच. वही पुढ्यात टाकून म्हणाल्या, "रोज आठवेल ते लिहा. चांगलं दिसेल असं लिहू नका, झालं तसं लिहा. मी सोडून कोणाला दाखवायची नाही."

मी मनोज महाले, वय अडतीस, नाशिक आगार, चौदा वर्षं नोकरी. सध्या निलंबित. गाव मोहपाडा, तालुका सुरगाणा. आरोप खुनाचा प्रयत्न. शिक्षा झाली तर नोकरी गेली, आणि सविता आणि दोन पोरी उघड्यावर आल्या. जामिनाची अट अशी की सुरगाणा तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही आणि जखमीशी किंवा साक्षीदाराशी बोलायचं नाही. म्हणून ही पेठ रोडची खोली. माझ्याच आगारातल्या एका ड्रायव्हरने दिली, भाड्याचं नंतर बघू म्हणाला. देव त्याचं भलं करो.

२३ मे, शुक्रवार

बाई म्हणाल्या, मला बोहाडा म्हणजे काय ते पाहिलेलं नाही असं समजून लिहा. त्यांच्या बागलाणात नसतो म्हणे. तर लिहितो.

चैत्र-वैशाखात आमच्या गावात देवांची सोंगं निघतात. लाकडाचे मुखवटे घालून माणसं नाचतात. ज्या घराचा जो मुखवटा, तो त्याच घराचा मान. शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता देवी आणि म्हैसासुर यांची लढाई होते. आमच्या घराकडे देवी. पूर्वी माझा बाप देवी नाचायचा, आता मी. आईची हिरवी नऊवारी नेसून, कमरेला घुंगरू बांधून. हसू नका. ती नऊवारी आता पोलिसांच्या मुद्देमालात आहे, "हिरव्या रंगाचे नऊवारी लुगडे, एक" अशी.

म्हैसासुर मंगळूदादाच्या घराकडे. मंगळू भोये, वय पंचावन्न. वीस वर्षं तो आणि माझा बाप समोरासमोर नाचले. बापाचे गुडघे गेले तेव्हा मला देवी शिकवली ती दादानेच.

लढाई अशी. संबळ आणि पिपाणी चालू असतात. तीन फेरे होतात. तिसऱ्या फेऱ्याला संबळ एकदम थांबतो. तो थांबला की म्हैसासुर गुडघ्यावर बसतो, आणि देवी उगवतीकडे तोंड करून तलवार गोल फिरवते. ती त्याच्या डोक्यावरून जाते. मुखवट्यातून कुणालाच धड दिसत नाही. मला नाकपुड्यांतून थोडंसं समोर दिसतं, आणि तोंड उगवतीकडे केलं की उजेडाने तेही नाही. म्हैसासुराचा मुखवटा रेड्याच्या तोंडाचा, खाली झुकलेला. त्याला फक्त देवीचे पाय दिसतात. म्हणून सगळा खेळ संबळावर.

२७ एप्रिलला संबळ थांबला. मी तलवार फिरवली. ती अडली. तलवार बोथट आहे, पण दीड किलोचं लोखंड आहे. दादाच्या गळपट्टीचं हाड मोडलं, मानेला अकरा टाके पडले. दादा बसला नव्हता.

एक बारीक गोष्ट राहिली, बाईंनी काहीच गाळू नका म्हटलंय म्हणून लिहितो. तलवार फिरवायच्या आधी मी उजवा पाय जोरात आपटतो. हे मूळच्या रिवाजात नाही. बाप आपटायचा नाही. तीन वर्षांपूर्वी दादानेच काढलं, "देवीचा पाय वाजला पायजे, त्याशिवाय देवी कसली?" तालमीत माझ्याकडून पन्नास वेळा करून घेतलं. यंदा मी पाय आपटला नाही. मुद्दाम. म्हटलं, याने सांगितलेलं आपण काय म्हणून करायचं?

१ जून, रविवार

गावाहून चिमाजीबाबा आले. मुखवटे सांभाळतात ते. सत्तर वर्षांचा माणूस उन्हातून दोन गाड्या बदलून आला, या विचाराने गहिवरून आलं. सोबत आंबे.

आंबे खाऊन झाल्यावर म्हणाले, "पोरा, येकच सांगाचा. आंगात देवी आली व्हती म्हनून सांग. तू नाय मारलास, देवीनं मारलं. गावाला पटल, देवालाबी पटल."

मी म्हटलं, "कोर्टाला पटेल का?"

"कोरटाला देव नाय का? भिताडावर तर लटकवलाय."

मला वाटतं ते न्यायदेवतेबद्दल बोलत होते. पण रात्रभर मनात तेच. किती सोपं आहे. तीन शब्द बोलायचे, की मी मोकळा.

५ जून, गुरुवार

बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आली होती?"

"काय?"

"देवी. त्या दिवशी. अंगात."

खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. पण त्या अशा बघत होत्या की जमलं नाही. म्हटलं, नाही. बापाच्या अंगात यायची. माझ्या दोनदा आल्यासारखी वाटली. त्या दिवशी माझ्या अंगात फक्त राग होता.

त्या चिडल्या नाहीत. समजावून सांगू लागल्या. कायद्यात देव अंगात येण्याला जागा नाही. त्यातल्या त्यात जवळची जागा वेडाची. मनाचा तोल इतका गेला की आपण काय करतोय तेच कळेना, तर माणूस सुटतो. "पण मग तुम्हाला वेडे ठरवावं लागेल. वेड्या माणसाच्या हातात एसटी तिकिटाचं मशीन देईल का?" दुसरी जागा अपघाताची, कलम अठरा. काम कायदेशीर हवं, रीतसर केलेलं हवं, काळजी घेऊन केलेलं हवं, आणि मनात वाईट हेतू नको. "आपलं घर इथे आहे. पण दार उघडायला लागेल ते आपल्याला. अपघात होता हे आपण दाखवायचं असतं."

"आणि राग होता त्याचं काय?"

"राग असणं गुन्हा नाही, मनोजभाऊ. रागाने मारणं गुन्हा आहे. तलवार फिरवताना मारायचं मनात होतं का?"

मी म्हटलं, माहीत नाही. बाईंनी पेन उचलून ते लिहून घेतलं. मग त्यांच्या आईचा फोन आला, त्या "हां माय, जेवनू ना, कितला येळ सांगू" असं काहीतरी अहिराणीत बोलल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माहीत नाही हे उत्तर मला चालेल. आठवत राहा."

कुणीतरी मला माहीत नाही म्हणायची मोकळीक दिली. घरी येताना हलकं वाटलं.

१८ जून, बुधवार

रागाचं लिहून टाकतो. टाळत होतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बापाने अंथरूण धरलं. एकच घोकत होता, मंगळूला बोलवा. मी दादाकडे निघालो तर तो बांधावरच भेटला. पाऊस चालू, ओहोळ भरून वाहत होता. मी त्याच्या डाव्या अंगाने चालत होतो. म्हटलं, दादा, बापाचं काही खरं नाही, तुझी वाट बघतोय, आजच ये. दादाने मान डोलावली. "हां, हां, व्हईल." असं म्हणून सरळ आपल्या वाटेला लागला.

आला नाही. चार दिवस बाप दाराकडे बघत होता. पाचव्या दिवशी गेला. दादा मातीला आला, ढसाढसा रडला. मला ते रडणं नाटकी वाटलं. त्यानंतर सुरगाण्याच्या स्टँडवर मी एकदा हाक मारली, तीनदा मारली, पठ्ठ्याने वळून बघितलं नाही. मीही मग बोलणं सोडलं. दोन वर्षं आम्ही फक्त मुखवटे घालून भेटलो.

आणि यंदा होळीला हॉटेलात चारचौघांत मी म्हणालो, "यंदा म्हैसासुराला खराखुरा पाडतो." देवी आणि म्हैसासुर आधी महिनाभर एकमेकांना चिडवतात, गावची रीतच आहे. पण माझं चिडवणं नव्हतं, हे मला माहीत आहे. हॉटेलवाल्याने ते पोलिसांना सांगितलं. त्याचं काय चुकलं? मी बोललो ते त्याने सांगितलं.

२ जुलै, बुधवार

आरोपपत्राची प्रत मिळाली. दादाचा जबाब वाचला. "संबळ चालू असतानाच आरोपीने तलवार चालविली, त्यामुळे मला बसण्यास अवधी मिळाला नाही."

खोटं! संबळ थांबला होता. मी ऐकलं. संबळ वाजवणारा भिमाजीमामाही तेच सांगतो, पण तो माझा सख्खा मामा, त्यामुळे कोर्टात त्याच्या शब्दाला अर्धीच किंमत. पिपाणीवाला म्हणतो मी डोळे मिटून फुंकतो.

ज्याने मला देवी शिकवली त्याने हे लिहून द्यावं? आज कोणाचेही आभार मानायची इच्छा नाही.

२० जुलै, रविवार

सविता आली. पंधरा दिवस आलीच नव्हती. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती म्हणे. मला कळेना, आपली भाताची खाचरं दोन, तीन दिवसांत आवणी उरकते. पंधरा दिवस कसली आवणी? विचारलं तर म्हणाली, "पाऊस लय व्हता." पायाच्या बोटांना चिखल्या झालेल्या. नागलीच्या भाकरी आणि उडदाचं भुजं घेऊन आली. भाकरी तांबड्या काठाच्या फडक्यात बांधलेल्या. आपल्या घरात असलं फडकं नाही. असेल नवीन.

भाकरी अशी झाली होती की आईची आठवण आली. म्हटलं, तुझ्या हाताला चव आलीय. ती नुसती हसली. अशी बायको मिळाली, आणखी काय पाहिजे?

२५ जुलै, शुक्रवार

बाईंनी वही वाचली. आणि प्रश्न काय विचारावेत? बांधावर तुम्ही दादाच्या कुठल्या बाजूला होतात? लिहिलंय की, डाव्या. ओहोळ किती आवाज करतो? दादा पूर्वी काय काम करायचे? म्हटलं, दिंडोरीकडे खडीच्या खाणीत, सुरुंग लावायच्या कामावर, दहा-बारा हंगाम. स्टँडवर हाक कुठून मारलीत? पाय आपटायचं नेमकं कधी सुरू झालं?

पाय आपटण्याच्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली. मी म्हटलं, बाई, तो उगाच दादाचा हट्ट होता, त्यात काही नाही. त्या म्हणाल्या, "बरं." शिकलेल्या माणसांचं असंच, भलत्याच गोष्टीला धरून बसतात. पण फुकटात इतका वेळ देतात, मी कोण बोलणार?

२१ ऑगस्ट, गुरुवार

सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर आज दादा दिसला. तपासणीला आला असणार. मी झटकन रसवंतीच्या मागे झालो, अट आहे ना. हात अजून झोळीत. किती वाळलाय.

रिक्षावाला मागून हॉर्न वाजवत होता, दादा हलेना. त्याची बायको तानुबाई हिने उजवी बाही धरून ओढला आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन काहीतरी बोलली, मग हलला. पूर्वीपासून ऐट आहे, रस्ता बापाचा असल्यासारखा चालतो. हसू आलं, आणि मग त्याचा झोळीतला हात आठवून डोळे भरले. तानुबाईच्या डोक्यावर तांबड्या काठाचं फडकं होतं. हल्ली सगळीकडे तेच विकायला आलेलं दिसतंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोषारोप ठेवले. न्यायाधीश मॅडमनी सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

मी थांबलो. किती थांबलो ठाऊक नाही, पण बाई मागे वळून बघायला लागल्या. मी विचार करत होतो की संबळ थांबल्यावर तलवार उचलताना मनात काय होतं. बापाचा दाराकडे लागलेला चेहरा होता, एवढं आठवतं. पण तलवार मी नेहमीच्या उंचीवरून फिरवली. एक बोटही खाली नाही. हाताला ती उंची दादाने शिकवलीय, हात राग-लोभ ओळखत नाही. हे आठवलं आणि मी म्हटलं, "नाही, मॅडम."

बाहेर आल्यावर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांनी आठवलं का? चला, चहा मी पाजते."

१७ जानेवारी २०२६, शनिवार

आज जे झालं ते कसं लिहू?

पुढच्या महिन्यात दादाची साक्ष. बाईंनी बोलावून घेतलं. खुर्चीवर बसलो तर त्या मुद्दाम माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मनोजभाऊ, तुमच्या दादांना ऐकू येत नाही."

मी म्हटलं, काहीतरीच. आणि दुसऱ्या क्षणाला बांध आठवला. ओहोळ. डावी बाजू. मान डोलावणं. स्टँड. रिक्षाचा हॉर्न. तानुबाईचं तोंडासमोर तोंड. बाई बोलतच होत्या. खाण, सुरुंग, डावा कान बहुतेक पूर्ण गेलेला, उजवाही जेमतेम, त्यावर मुखवटा, त्यावर बांधलेला फेटा. संबळ थांबल्याचं त्यांना कळतच नसणार. मग तीन वर्षं ते बसत कसे होते?

मी कंडक्टर आहे. चौदा वर्षं घंटीची दोरी ओढली. दोन घंट्या दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, कारण त्याला मागचं दिसत नाही. ड्रायव्हरशी भांडण असलं तरी घंटी मारायची असते, पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

म्हैसासुराला फक्त देवीचे पाय दिसतात. पाय आपटणं ही दादाची घंटी होती. आणि मी ती मारली नाही. मुद्दाम.

बाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडलो. पाणी दिलं त्यांनी.

मग कामाचं बोलल्या. "त्यांनी संबळ चालू होता असा जबाब का दिला, कळलं ना? ऐकू येत नाही म्हटलं तर मुखवटा जाईल." खरं आहे. आमच्यात नियम आहे, ज्याला संबळ ऐकू येत नाही त्याने मुखवटा उतरवायचा. मान दुसऱ्या घराकडे जातो. "उलटतपासात मी दोन प्रश्नांत त्यांचा कान उघडा पाडू शकते. तुमची केस तिथेच सुटेल."

मी म्हटलं, नको.

"काय नको?"

"चारचौघांत नको. बाप मरताना त्याला बोलवत होता, आणि मी दोन वर्षं त्याला शिव्या दिल्या. आता त्याचा मुखवटाही मीच काढून घेऊ? त्यापेक्षा मी सांगतो, मी पाय आपटला नाही."

बाई संतापल्या. "तुम्हाला पोरी आहेत दोन! आणि पायाचं कळलं तर सरकारी वकील म्हणतील मुद्दाम खूण चुकवली. तुम्हाला ती खूण आहे हे माहीत होतं का? नव्हतं. माहीत नसताना चूक झाली, तिला कायदा गुन्हा म्हणत नाही. ऐका, आरोपीला गप्प बसायचा अधिकार आहे. तो वापरा."

"आणि दादाला?"

"साक्षीदाराला तो अधिकार नाही," त्या म्हणाल्या. मग फाइल मिटून, "बघते. तुम्ही अशील आहात, तुमचं ऐकावं लागतं. पण तुम्ही महामूर्ख आहात हे मी कुठेतरी लिहून ठेवणार."

इथे लिहून ठेवतो, बाई. तुमच्यासारखी वकील मोठ्या पुण्याने मिळते.

११ फेब्रुवारी, बुधवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

दादा पिंजऱ्यात उभा राहिला. पांढरी टोपी, नवा सदरा. तानुबाई मागच्या बाकावर, आणि तिच्या शेजारी सविता. दोघी मांडीला मांडी लावून. मी बघतच राहिलो.

सरकारी वकील डाव्या बाजूने विचारत होते. दोन-तीन उत्तरं भलतीच आली. मग मुद्द्याचा प्रश्न. "तलवार फिरली तेव्हा संबळ चालू होता की थांबला होता?"

दादाने टोपी सारखी केली. वकिलांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. मॅडमनी स्वतः विचारलं. दादाने मान वळवून मागे बघितलं, तानुबाईकडे. मग माझ्याकडे. चेहऱ्याकडे नाही, माझ्या पायांकडे.

"सायब," तो म्हणाला, "संबळ थांबला का नाय, मला ठाव नाय. मला आयकाया येत नाय. डावा कान खाणीतच गेला. उजवा आर्धा. पोलिसांला मी खोटा सांगितला. मुखवटा जाईल म्हनून घाबरलो."

मॅडमनी ते जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं.

सरकारी वकिलांनी त्याला आपलाच साक्षीदार उलटला म्हणून चार गोष्टी सुनावल्या, दमदाटी झाली का विचारलं. दादा म्हणाला, "माझ्या पोरागत हाय त्यो. त्यो कशाला दमदाटी करल?" मग देवरे बाई उठल्या. चालत उजव्या बाजूला गेल्या, तोंड नीट त्याच्यासमोर धरलं, आणि एकच विचारलं, "काका, मनोजने तुम्हाला मारायचं म्हणून मारलं असं तुम्हाला वाटतं का?"

"नाय बाय. मी बसलो नाय. चूक माझी."

पायाचं त्याने अवाक्षर काढलं नाही.

सविताला संध्याकाळी खोलीवर विचारलं, तू तिच्याशेजारी कशी? म्हणाली, "दादाचा हात झोळीत. तानुमाय येकलीच. त्यांची आवणी कोन करनार व्हता? जामिनाची आट तुला, मला नाय." पंधरा दिवसांची आवणी! भाकरी तानुबाईच्या हातच्या होत्या. तिनेच सविताला सांगून ठेवलं होतं, त्याला कळू नको देऊ, खाणार नाही. आणि काल रात्री तानुबाईने दादाला म्हटलं म्हणे, "ह्या पोरीनं लावलेला भात आपुन वरीसभर खातोय. त्यो खाऊन खोटा बोलशील, तर मी नाय रांधायची."

मी कागदावर इतके दिवस लोकांचे आभार मानत होतो, आणि ज्यांचे मानायचे त्या दोघींचं मला काहीच कळलं नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

निर्दोष.

मॅडमनी निकाल वाचला. खेळ परंपरेचा होता, दोघांच्या संमतीचा होता, तलवार नेहमीच्या रीतीने फिरली, इजा करण्याचा हेतू सिद्ध होत नाही, हा अपघात आहे. हॉटेलातलं बोलणं रिवाजातलं चिडवणं धरलं. ते तसं नव्हतं, पण त्याने काही बदलत नाही, असं बाई म्हणाल्या. "कायद्यापुरते तुम्ही सुटलात. उरलेलं कोर्टाच्या बाहेर बघा." त्यांच्या पाया पडायला वाकलो तर दोन पावलं मागे सरकल्या. "काय हे, मी लहान आहे तुमच्यापेक्षा!" मग आईला फोन लावून अहिराणीत केवढ्यांदा ओरडल्या, अख्ख्या कॉरिडॉरला निकाल कळला.

दादा बाहेर लिंबाखाली बसला होता. मी उजव्या बाजूला जाऊन बसलो. म्हटलं, "दादा, मी त्या दिवशी पाय आपटला नाही. मुद्दाम."

"ठाव हाय," तो म्हणाला. "पायच बघत व्हतो ना मी. वाजला नाय, म्हनलं आजून टायम हाय."

"मग कोर्टात का नाही सांगितलंस?"

"पायाचं कुनी इचारलंच नाय."

मग बांधावरचं सांगितलं. बाप चार दिवस वाट बघत होता, हे. दादाचा चेहरा असा झाला की सांगितल्याचा पश्चात्ताप वाटला. "मला वाटला, तू पावसाचा बोलतोस," तो म्हणाला. "म्हनून म्हनलो, व्हईल." आणि मग आम्ही दोघं कोर्टाच्या आवारात बायकांसारखे रडलो. नाही, बायका समोर उभ्या राहून हसत होत्या.

१२ एप्रिल, रविवार. मोहपाडा

गावची बैठक झाली. नियम तो नियम, मंगळूचा मुखवटा दुसऱ्या घराला द्यायचा, असं बहुतेकांचं म्हणणं. मी उभा राहिलो. वर्षभर वकिलाच्या शेजारी बसून काही तरी शिकलोच आहे.

म्हटलं, "चिमाजीबाबा, नियम काय आहे? नीट सांगा."

"ज्याला संबळ आयकाया येत नाय त्यानं मुखवटा उतरावा."

"तो नियम कशासाठी? वेळेवर बसता यावं म्हणून ना? तीन वर्षं तो वेळेवर बसला. चौथ्या वर्षी बसला नाही, कारण मी त्याची खूण केली नाही. मग मुखवटा कोणाचा काढायचा?"

हे मी पहिल्यांदाच चारचौघांत कबूल केलं. भिमाजीमामा म्हणाला, "भाच्या, कोरटानं सोडला तुला, आता इथं कशाला आडकतोस?" चिमाजीबाबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. शेवटी म्हणाले, "म्हंजे आता देवीच्या पायालाबी मान द्यायचा म्हन."

मान दोघांचाही राहिला.

२६ एप्रिल २०२६, रविवार

लुगडं कोर्टातून परत आलंय. घडीवर पोलिसांच्या लाखेचा तांबडा डाग राहिला, धुऊन जात नाही. सविता म्हणाली, राहू दे, देवीला कुंकू म्हणून चालेल. देवरे बाई नामपूरहून आईला घेऊन आल्यात, बायकांच्या घोळक्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मुखवटा चढवायच्या आधी पदर दोनदा खोचला. दादाने रेड्याचं तोंड काखेत धरलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "खराखुरा पाडनार का यंदा?" आणि हसला. वर्षभरात कुणी इतकं मोठं काही दिलं नाही मला.

तीन फेरे झाले. उजाडलं. संबळ थांबला.

मी पाय आपटला. इतक्या जोरात की घुंगराचा पट्टा तुटला. उगवतीकडे तोंड केलं आणि तलवार उचलण्याआधी थांबलो, रिवाजात नसलं तरी थांबलो, जमिनीवर गुडघा टेकल्याचा आवाज येईपर्यंत.

आला.